हात पोचतो तिथवरचं पाणी

होळी उलटली, की मन्याड, लेंडी, तेरणा, तावरजा या नद्यांची पात्रं पांढरी पडायला लागतात. पुलावरून जाणाऱ्याला नदी आटली असं वाटतं. काठावरच्या गावाला मात्र ठाऊक असतं, की पाणी वाळूखाली उतरलंय. मग उन्हं चढायच्या आत बाया हंडे-घागरी घेऊन पात्रात उतरतात, ओलीची जागा हेरतात आणि हाताने, नाहीतर फुटक्या टोपल्याने वाळू उकरायला लागतात. हात-दीड हातावर वाळू गार लागते. आणखी खाली गेलं, की तळाशी गढूळ पाणी जमतं. हा झिरा. पहिलं पाणी उपसून फेकायचं, दुसरंही फेकायचं. तिसऱ्यांदा भरून आलेलं पाणी नितळ असतं. ते वाटीने तांब्यात घ्यायचं आणि तांब्यातून फडक्यावर गाळून घागरीत ओतायचं. वाटी तळाला खरवडली तर सगळं पुन्हा गढूळ होतं, म्हणून हात हलका ठेवावा लागतो. झिरा उपसला, की थांबायचं आणि पाणी जमू द्यायचं. हंडा भरायला किती वेळ लागेल ते नदी ठरवते.

या पाणवठ्याचे नियम कुठं लिहिलेले नसतात, पण पाळले जातात. जिने झिरा काढला तिचा पहिला हंडा, मग रांगेतल्या बाईचा. जनावरांचा झिरा वेगळा आणि खालच्या अंगाला. वरच्या अंगाला धुणं नाही. निघताना झिऱ्यावर बाभळीची फांदी ठेवायची, म्हणजे कुत्री-डुकरं तोंड घालणार नाहीत. रस्त्याने जाणारा वाटसरू ओंजळ पुढं करतो तेव्हा त्याला कुणी गाव विचारत नाही की पैसे मागत नाही.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत पाण्याची चर्चा धरणाच्या टक्क्यांत आणि टँकरच्या आकड्यांत होते. कुणीही जावं आणि भरावं अशा या उघड्या पाण्याची मोजदाद त्यात नसते. रस्त्याकडेचा झरा, नदीतला झिरा, देवळामागचं कुंड, गावची बारव, वेशीवरचा हापसा: दुष्काळात माणसांना जगवणाऱ्या जागा याच होत्या. त्या एकेक करून बंद पडत आहेत आणि त्यांच्या जागी विकतचं पाणी आलं आहे. हा बदल निसर्गाने एकट्याने केलेला नाही. तो कसा झाला आणि काय केलं तर थांबेल, हे नीट पाहायला हवं.

खडकाच्या पोटात

लातूर जिल्हा आणि नांदेडचा बराचसा भाग दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचले आणि त्यातून हे पठार तयार झालं. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट असतो, वरचा भाग सच्छिद्र आणि भेगाळलेला. दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं तांबड्या मातीचा पट्टा सापडतो. पावसाचं पाणी मुरमातून आणि भेगांतून खाली उतरतं, घट्ट थर लागला की अडतं आणि आडवं सरकायला लागतं. जिथं उताराने, ओढ्याने किंवा रस्त्यासाठी फोडलेल्या खडकाने तो थर कापला गेला असेल, तिथं ते बाहेर येतं. बालाघाटाच्या उतारावर दसऱ्या-दिवाळीच्या दिवसांत रस्त्याकडेच्या कातळातून जी धार झिरपताना दिसते, ती अशी आलेली असते.

या खडकाची अडचण अशी, की त्याच्या पोटात जागा फार कमी. वाळू-गाळाच्या प्रदेशात जमीन भरपूर पाणी धरते. काळ्या पाषाणात मोकळं करून घेता येईल असं पाणी खडकाच्या आकारमानाच्या एक ते तीन टक्क्यांच्या आसपास असतं. लातुरात वर्षाला सरासरी साडेसातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो, नांदेडला त्याहून जास्त. हा पाऊस काही अगदी थोडा नव्हे. पण तो साठवणारं खडकाचं भांडं लहान आहे. ते लवकर भरतं आणि उपसा वाढला, की लवकर रिकामं होतं. म्हणून इथले बहुतेक झरे मार्गशीर्ष-पौषापर्यंत वाहतात आणि माघात बारीक होतात. जे वैशाखातही टिकतात, त्यांच्या वरच्या अंगाला मोठी, न उपसलेली भेगाळ जमीन असते.

नांदेडच्या पूर्व-दक्षिण टोकाला, देगलूर-बिलोलीकडे, खडक बदलतो. तिथं काळा पाषाण संपतो आणि ग्रॅनाइट सुरू होतो. मांजरा या भागातून वाहत जाऊन गोदावरीला मिळते. बिलोली तालुक्यातल्या येसगी-सगरोळी परिसरातली लाल रेती बांधकामासाठी दूरदूर जाते. पण नदीपात्रातली रेती हीच नदीची टाकी असते. पावसाळ्यात ती पाणी पिऊन घेते, उन्हाळ्यात हळूहळू सोडते आणि वरच्या थरांतून गाळूनही देते. रेती उपसून पात्र खडकापर्यंत खरवडलं, की झिरा काढायला जागाच उरत नाही. काठच्या विहिरींचं पाणीही त्या खड्ड्यांकडे ओढलं जातं. रेतीच्या लिलावाचा हिशेब ब्रासमध्ये होतो. त्या ब्रासमागे गावाने किती घागरी गमावल्या, हे कुणी मांडत नाही.

बारीक धार पाहून माणसं झऱ्याला हलकं समजतात. म्हणून एक साधा हिशेब. मिनिटाला ५ लिटर पाणी देणारा झरा दिसायला करंगळीएवढा असतो. १५ लिटरची बादली भरायला त्याला तीन मिनिटं लागतात. पण तो रात्रंदिवस वाहतो. दिवसाचे झाले ७,२०० लिटर. माणशी ५ लिटर पिण्या-स्वयंपाकाला धरले, तर १,४४० माणसांची सोय. जल जीवन मिशनचं माणशी ५५ लिटरचं माप लावलं, तरी १३० माणसांचं भागतं. रात्रीचं पाणी हौदात साठवलं नाही, तर यातला मोठा वाटा ओढ्याला जातो. झरा कमी पडत नाही, त्याचं रात्रीचं पाणी आपण हातचं सोडतो.

तीर्थ, बारव आणि गागर

आपल्या आधीच्या पिढ्यांना ही किंमत कळत होती. म्हणून त्यांनी पाण्याच्या जागेला दगडाची चौकट दिली आणि देवाचं नाव दिलं. तुळजापूरला पायी जाणारा लातूरचा भाविक भवानीच्या दर्शनाआधी गोमुख तीर्थाच्या धारेखाली हात धरतो, ते पाणी पितो आणि मग पुढं जातो. माहूरच्या डोंगरावर रेणुकेच्या परिक्रमेत मातृतीर्थ आणि सर्वतीर्थ लागतात. किनवट तालुक्यात पैनगंगेच्या काठी उनकेश्वरला गरम पाण्याचे झरे आहेत. शरभंग ऋषींची व्याधी बरी व्हावी म्हणून रामाने बाण मारून ते काढले, अशी कथा आहे आणि त्वचेच्या विकारांवर उपाय म्हणून आजही लोक तिथं अंघोळीला येतात. कंधारला राष्ट्रकूट काळातला जगत्तुंग समुद्र आहे. भुईकोट किल्ला, त्याचा खंदक आणि हा तलाव एकत्र पाहिले, की हजार वर्षांपूर्वीच्या नगराने आधी पाण्याची तजवीज केली होती, हे उमगतं.

मराठवाडाभर पसरलेल्या बारवा हे याच जाणिवेचं दुसरं रूप. विहिरीत पोहरा सोडावा लागतो. बारवेत माणूस पायऱ्या उतरून थेट पाण्यापर्यंत जातो. पाणी खाली गेलं, की माणूस दोन पायऱ्या जास्त उतरतो. किती पायऱ्या उघड्या पडल्या यावरून गावाला वर्षाचा अंदाज येई. भूजलाची पातळी अशी सगळ्या गावाच्या डोळ्यांसमोर असे. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्र बारव मोहिमेतून गावोगावच्या तरुणांनी गाळाने आणि कचऱ्याने भरलेल्या बारवा मोकळ्या केल्या आणि महाशिवरात्रीला तिथं दिवे लावले. हे काम मोलाचं आहे. त्याची पुढची पायरी म्हणजे ते पाणी तपासून पुन्हा वापरात आणणं.

नांदेडमध्ये पाणी भरण्याची एक परंपरा अखंड चालू आहे. तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या सेवेसाठी गागरिया सिंग रोज पहाटे गोदावरीवर जाऊन गागर भरून आणतात आणि त्या पाण्याने तख्ताचं स्नान होतं. गुरू गोविंदसिंगजी १७०८ साली नांदेडला ज्योतीज्योत समावले. महाराजा रणजितसिंगांच्या काळात, १८३०च्या दशकात, आजची वास्तू उभी राहिली. शंकरराव चव्हाण विष्णुपुरी प्रकल्पाचा जलाशय शहराला पाणी देतो, घरोघरी नळ आहेत, तरी तख्तासाठी पाणी नदीचंच लागतं. ज्या नदीतून ही गागर भरली जाते तिच्यात शहराचं सांडपाणीही सोडलं जातं. नदीवर श्रद्धा असलेल्या प्रत्येकाने या गोष्टीची लाज बाळगायला हवी.

सगळ्यांचं म्हणजे कुणाकुणाचं

या जुन्या पाणवठ्यांची आठवण काढताना एक सत्य झाकून चालणार नाही. त्यातले बरेचसे सगळ्यांचे नव्हते. बारव देखणी असेल, पण तिच्या पायऱ्या दलितांना बंद होत्या. वरच्या आळीतल्या कुणीतरी पोहरा उंचावरून रिता करायचा आणि खाली ओंजळ धरायची, हा मराठवाड्यातल्या असंख्य माणसांचा पाण्याचा अनुभव होता.

१९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई इलाख्यातले सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन तो हक्क बजावला. तेव्हा नांदेड-लातूर निजामाच्या राज्यात होते आणि तो ठराव इथं लागूच नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद मुक्त झालं आणि पुढं संविधानाच्या पंधराव्या कलमाने विहिरी, तलाव आणि घाट यांच्या वापरात जातीवरून आडकाठी करायला बंदी घातली. तरी १९७२च्या दुष्काळात डॉ. बाबा आढावांना ‘एक गाव, एक पाणवठा’ ही चळवळ उभी करावी लागली. महाराष्ट्रातल्या गावोगावी जाऊन त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की पाणी आटतानाही शिवताशिवत आटलेली नाही.

म्हणून आज पाणवठा जपा असं म्हणताना जुना पाणवठा जसाच्या तसा परत आणायचा नाही. त्याची चौकट जुनी असू दे, पण हक्क संविधानाचा हवा. पाण्याची जागा सार्वजनिक आहे याचा अर्थ तिथं रांगेत कुणालाही मागे ढकललं जाणार नाही.

हापशाची पोच

१९७२च्या आगेमागे पाणवठ्याचं रूप बदललं आणि त्या बदलात मराठवाड्याचा वाटा मोठा आहे. साठच्या दशकातल्या टंचाईत जालन्याच्या ख्रिस्ती मिशनने कठीण खडकात बोअर घेणारी यंत्रं आणली. त्या वेळचे ओतीव लोखंडाचे पंप दिवसभराच्या वापराने मोडत. सारं गाव एका पंपावर हापसणार, हे त्यांच्या रचनेत गृहीतच नव्हतं. जालन्यात पोलादी पंप तयार झाला, तो जालना पंप. त्यावर सोलापुरात सुधारणा झाली आणि सोलापूर पंप आला. सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीने यातूनच इंडिया मार्क-टू हा हातपंप घडला आणि तो भारतभर, पुढं जगभर गेला. आपल्या वेशीवरच्या हापशाचं मूळ इथल्याच दुष्काळात आहे, हे शाळेतल्या मुलांना सांगायला हवं.

हापशाने फार मोठं काम केलं. पाणी झाकलेलं राहिलं, नारू आणि पटकी यांना आळा बसायला मदत झाली. शिवाय पोहऱ्याचा वाद मिटला, कारण दांडा कुणीही हापसला तरी पाणी जमिनीखालून येतं.

पण हापशाला एक मर्यादा आहे. इंडिया मार्क-टू साधारण ४५ मीटर, म्हणजे दीडशे फुटांपर्यंतचं पाणी ओढतो. त्याखाली माणसाच्या दंडाचं बळ पुरत नाही. लातूर जिल्ह्यात आज बोअर पाचशे, सातशे, कुठं हजार फुटांपर्यंत जातात. पाणाड्या नारळ धरून जागा दाखवतो, गाडी रात्रभर घरघरते, पाणी लागलं तर मोटर पडते, नाही लागलं तर बोअर फेल गेला म्हणून शेजारी दुसरा घेतला जातो. उसासारखं पीक शेतात वर्ष-दीड वर्ष उभं असतं आणि त्याला पाण्याच्या पाळ्या द्याव्याच लागतात. मग वरच्या थरातलं पाणी खालच्या बोअरमध्ये उतरतं. आधी झरा आटतो, मग आड, मग हापसा. गावात पाणी उरतं, पण ते ज्याच्याकडे बोअर, मोटर आणि वीजजोड आहे त्याच्याचकडे.

या सगळ्या विषयाचं मर्म मला इथं दिसतं. हात पोचतो तिथवरचं पाणी सगळ्यांचं असतं. पाणी हाताच्या पोचेखाली गेलं, की ते पैशाचं होतं. भूजलाची पातळी खाली जाणं ही नुसती पर्यावरणाची घटना नव्हे. त्यात सार्वजनिक पाण्याची मालकी मूठभरांकडे जाते.

२०१६चा हिशेब

लातूर शहराला मांजरा प्रकल्पातून, म्हणजे बीड जिल्ह्यातल्या धनेगावच्या धरणातून पाणी येतं. सलग कमी पावसाने ते धरण कोरडं पडलं आणि २०१६च्या सुरुवातीला शहराच्या नळांचं पाणी बंद झालं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचं कलम १४४ लावावं लागलं. पाण्याच्या जागेवर पाचपेक्षा जास्त माणसांनी जमू नये असा हुकूम ज्या शहरात निघाला, त्या शहरात पाणवठा या कल्पनेचाच अंत झाला होता.

११ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून कृष्णेचं पाणी घेऊन १० टाक्यांची रेल्वे निघाली आणि १२ एप्रिलच्या पहाटे लातुरात पोचली. टाक्या राजस्थानातल्या कोट्याहून वाफेने धुऊन आणल्या होत्या. अंतर साधारण ३४० किलोमीटर, पाणी ५ लाख लिटर. पुढं ५० टाक्यांची ‘जलदूत’ सुरू झाली, तिच्या एका खेपेत २५ लाख लिटर येत. या फेऱ्या ऑगस्टपर्यंत चालल्या. स्टेशनजवळच्या विहिरीत पाणी उतरवायचं, तिथून शुद्धीकरण केंद्रात न्यायचं आणि मग टँकरने वाटायचं, अशी ती साखळी होती. मिरजेची आणि सांगलीची माणसं, रेल्वेचे कामगार, टँकरचे चालक यांचं ऋण लातूर विसरणार नाही.

पण आकडे समजून घ्यायला हवेत. २०११च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८२ हजारांवर होती. पहिल्या गाडीचं पाणी माणशी सव्वा लिटरहून थोडं जास्त पडतं. पन्नास टाक्यांच्या गाडीचं माणशी साडेसहा लिटर. देशभर गाजलेल्या त्या गाडीने शहराची तहान भागेल एवढंच पाणी आणलं. बाकीचं पाणी डोंगरगाव आणि माकणीच्या साठ्यांतून, बोअरमधून, विकतच्या टँकरमधून आणि डोक्यावरच्या हंड्यातून आलं. त्याच एप्रिलमध्ये बीड जिल्ह्यात भर उन्हात हापशावरून खेपा करताना एका शाळकरी मुलीने प्राण सोडला. पाणी भरण्याचं ओझं आपण कुणाच्या डोक्यावर टाकलं आहे, हे त्या मृत्यूने दाखवलं.

त्याच उन्हाळ्यात लातूरकरांनी लोकवर्गणी काढून मांजरेच्या पात्रातला गाळ उपसला. हजारो माणसांनी आपल्या नदीसाठी पदरचे पैसे दिले, ही त्या दुष्काळातली सर्वांत आश्वासक गोष्ट होती. सप्टेंबरअखेर पाऊस झाला, धरण भरलं, आणि शहर त्या उन्हाळ्याचा विचार करायचं थांबलं.

निळ्या झाकणाचा जार

आज नांदेड-लातूरच्या कोणत्याही रस्त्यावर वीस लिटरचे जार भरलेली टमटम दिसते. लग्नात जार, दुकानात जार, अंत्यविधीला जमलेल्या माणसांसाठीही जार. पाण्यावर खर्च करणं ज्यांना परवडत नाही अशा मजुरांच्या घरीही तो आला आहे, कारण नळाच्या पाण्यावर भरवसा नाही आणि हापसा कोरडा आहे. जारचं पाणी भूजलातूनच येतं. गाळण यंत्रातून जितकं चांगलं पाणी निघतं, जवळपास तितकंच किंवा त्याहून जास्त नासाडीचं पाणी गटारीत जातं. सगळ्यांच्या थरातून काढलेलं पाणी निम्मं सांडून उरलेलं सगळ्यांनाच विकलं जातं.

तरीही जार घेणाऱ्या आईला दोष देता येणार नाही. तिची भीती खरी आहे. नांदेड जिल्ह्यातल्या काही गावांत भूजलात फ्लोराइडचं प्रमाण जास्त आहे. त्याने दात पिवळे-तपकिरी पडतात आणि वर्षानुवर्षं तेच पाणी पोटात गेलं, तर हाडं वाकतात. शेतातल्या खतांमुळे आणि शोषखड्ड्यांमुळे नायट्रेट वाढतं, ते तान्ह्या बाळांना घातक असतं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपेक्षा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. नायट्रेट ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. ई-कोलाय जिवाणू तर १०० मिलिलिटरमध्ये एकही नको.

इथं एक समज दूर करायला हवा. झऱ्याचं पाणी वाहतं आहे, गार आहे, गोड आहे, म्हणजे शुद्धच आहे, असं नाही. वरच्या अंगाला गोठा, उकिरडा किंवा संडासाचा खड्डा असेल, तर भेगाळ खडकातून घाण सरळ धारेत येते. काळा पाषाण वाळूसारखं पाणी गाळत नाही. पाणी उकळलं तर जंतू मरतात, पण फ्लोराइड आणि नायट्रेट जात नाहीत. उलट पाणी आटल्याने त्यांचं प्रमाण वाढतं. २०२५च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मराठवाड्याने जी अतिवृष्टी पाहिली, तशा पुरानंतर तर प्रत्येक विहीर, बारव आणि झरा तपासल्याशिवाय पिण्यासाठी वापरू नये.

तपासणी अवघड नाही. जंतूंसाठी एचटूएस बाटली असते. तिच्यात पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायचं, पाणी काळं पडलं तर ते दूषित. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना तपासणी संच वापरायला शिकवायची तरतूद आहे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक हजार लिटरला पाच ग्रॅम या मापाने टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतो. पावसाळ्याआधी आणि नंतर स्रोतांची पाहणी होऊन गावाला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. आपल्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं आहे, हे ग्रामसभेत विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

कायदा आहे, यादी नाही

पाणवठा वाचवायला नवा कायदा लागत नाही. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घ्यायला महाराष्ट्रात १९९३च्या कायद्यानेच बंदी आली. २००९च्या भूजल कायद्याने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना वेगळं गणलं आणि अधिसूचित क्षेत्रात शेती-उद्योगासाठी त्या घेण्यावर निर्बंध आणले. म्हणजे हाताची पोच कुठं संपते हे कायदा करणाऱ्यांनाही माहीत होतं. पण ५०० मीटर मोजायचे कुठून? त्यासाठी सार्वजनिक स्रोतांची पक्की यादी हवी. झिरा, झरा, कुंड, पडीक बारव यांची नावं त्या यादीत नसतील, तर कायद्याचं संरक्षण त्यांना मिळणार कसं?

हिमालयात हा विचार पुढं गेला आहे. सिक्कीमने २००८पासून ‘धारा विकास’ कार्यक्रमात डोंगरावर चर खोदून आटलेले झरे पुन्हा वाहते केले. पुण्याच्या ‘अ‍ॅक्वाडॅम’ या संस्थेच्या भूजलतज्ज्ञांचा त्या कामात सहभाग होता. महाराष्ट्रातलं ज्ञान सिक्कीमला उपयोगी पडलं, ते बालाघाटाला का पडू नये? नीती आयोगाच्या २०१८च्या अहवालात देशात सुमारे ५० लाख झरे असल्याचा अंदाज आहे. त्यातले ३० लाख हिमालयात, म्हणजे उरलेले २० लाख आपल्यासारख्या प्रदेशांत. केंद्र सरकारने झऱ्यांची पहिली गणना हाती घेतली आहे. त्या गणनेत आपल्या गावातला झरा आला की नाही, हे पाहणं आपल्याच हातात आहे.

म्हणून नांदेड-लातूरच्या वाचकांना माझी विनंती आहे. या दिवाळीत गावी जाल तेव्हा म्हाताऱ्या बायांना विचारा, बाहत्तरच्या दुष्काळात पाणी कुठून भरलं. त्या जागा दाखवतील. त्या जागेवर जा, बादली लावून घड्याळावर धार मोजा, तारखेसह लिहून ठेवा आणि माघात, चैत्रात पुन्हा मोजा. शाळेतल्या मुलांना हे काम द्या. पाणी तपासून घ्या. तपासणीत चांगलं निघालं, तर झऱ्याभोवती झाकलेला हौद बांधा, तोटी बसवा, जनावरांसाठी खाली वेगळी डोणी करा आणि वरच्या अंगाला निदान १५ मीटरपर्यंत शोषखड्डा-उकिरडा येऊ देऊ नका. झऱ्याच्या वरच्या माळावर चर काढा. नदीपात्रातल्या रेतीचा लिलाव ग्रामसभेत आला, तर पिण्याच्या पाण्याचा पट्टा त्यातून वगळायला लावा. शेवटी ग्रामसभेचा ठराव करून त्या जागेची नोंद सार्वजनिक पिण्याच्या पाण्याचा स्रोत म्हणून घ्या आणि त्याची प्रत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाला द्या.

याने धरणं आणि नळयोजना अनावश्यक होणार नाहीत. लातूर-नांदेडसारख्या शहरांना त्या लागणारच आहेत. पण नळ बंद पडतो, वीज जाते, धरण आटतं, आणि तेव्हा माणूस पुन्हा पाणवठ्याकडेच वळतो. २०१६ साली लातूर वळलं, तेव्हा बहुतेक पाणवठे आधीच मेले होते. पुढचा दुष्काळ येणारच आहे, कारण मराठवाड्यात तो नेहमी येत आला आहे. तो येण्याआधी प्रत्येक गावाकडे एक तरी तपासलेली, नोंदलेली, सगळ्यांना खुली आणि फुकट असलेली पाण्याची जागा हवी. हे काम गावाच्या आवाक्यातलं आहे आणि ते याच हिवाळ्यात, झरे वाहते असताना सुरू करायला हवं.